चेक कपाटातच राहू दे

चि. मनीषास,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास आणि मला रात्रभर झोप लागली नाही. मी ओरडायला नको होतं. तुझ्या सासूबाई शेजारी बसल्या असतील, हेही ध्यानात राहिलं नाही. आज बाळूकडून कागद मागून घेतला आणि लिहायला बसले. लिहिताना निदान आवाज तरी चढत नाही.

चटणीच्या मशीनसाठी सबसिडीचं कर्ज काढून देतो म्हणणाऱ्या त्या माणसानं मागितलेले तीन कोरे चेक अजून तुझ्याकडेच आहेत ना? आधी तेवढं कळव.

त्याला अकरा हजार दिलेस ते गेले. त्यावर मी काही बोलणार नाही असं ठरवलंय. पण त्यातले दोन हजार त्यानं उद्यमच्या, म्हणजे लहान धंद्याच्या सरकारी नोंदणीचे म्हणून घेतले, ते मला सहन होत नाही. ती नोंदणी फुकट असते गं. १ जुलै २०२० पासून आधार आणि पॅनवर होते, सरकार एक रुपया घेत नाही. आमच्या बचत गटातल्या शोभाचीही मोबाईलवरच झाली, मी शेजारी बसून बघितलीय. आणि खाण्याच्या मालाच्या परवान्याचे साडेतीन हजार? तुझ्याएवढ्या लहान धंद्याला साधी नोंदणीच लागते, तिची फी वर्षाला शंभर रुपये. शंभर! त्या साडेतीन हजारांत तुझी दहा-बारा किलो ब्याडगी मिरची आली असती.

बघ, बोलणार नाही म्हटलं आणि बोललेच.

तो माणूस तुला म्हणाला, दोन महिन्यांत सबसिडी खात्यावर येईल. तसं होत नाही, हे नीट समजून घे. ही अन्नप्रक्रियेची केंद्राची योजना २०२० सालची, आपल्याकडे कृषी खातं बघतं. खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त दहा लाख. कांडप यंत्र, बारीक दळणारा पल्व्हरायझर, पॅकिंग मशीन धरून तू सहा लाखांचा हिशेब सांगितलास. त्यातले साठ हजार तुझे, पाच लाख चाळीस हजार बँकेचं कर्ज. अनुदान दोन लाख दहा हजार होतं, पण ते तुझ्या हातात येत नाही. ते बँकेत वेगळं ठेवतात. तीन वर्षं हप्ते वेळेवर गेले आणि धंदा चालू असला, तरच कर्जात जमा होतं. तोवर हप्ते तुलाच भरायचे. सबसिडी आली की उरलेले पैसे देते असं त्याला कबूल करून बसलीस, तर ते कुठून देशील? म्हणूनच त्याला तुझे चेक हवे आहेत.

फाईल करून द्यायला सरकारनं जिल्ह्यात माणसं नेमलेली आहेत, जिल्हा संसाधन व्यक्ती म्हणतात त्यांना. प्रकल्प अहवाल करण्यापासून बँकेत पाठपुरावा करण्यापर्यंत ते मदत करतात. त्यांचं मानधन सरकार देतं, आपण द्यायचं नसतं. पलूसच्या तालुका कृषी कार्यालयात जाऊन नुसतं नाव-नंबर विचार. तिथं नाही जमलं तर सांगलीला जिल्हा उद्योग केंद्र आहे. मुख्यमंत्री रोजगार निर्मितीच्या योजनेत खेड्यातल्या बाईला ३५ टक्के मिळतात आणि पदरचे पाचच टक्के घालावे लागतात. आणि बँकेत कुणी घराचा उतारा मागितला तर गप्प बसू नकोस. लहान उद्योगाच्या एवढ्या कर्जाला तारण घ्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. जावईबापूंना म्हणावं, घराचा कागद बाहेर काढू नका.

मी फार शिकवतेय. तुला राग येईल. चौदा वर्षं गटाची वही सांभाळली, त्यानं जीभ अशी झालीय, मनावर घेऊ नकोस.

खरं सांगू, मला तुझे आण्णा आठवतात. पाइपलाइनच्या कर्जाच्या वेळचं तुला आठवत नसेल, तू बालवाडीत होतीस. फॉर्म कोरा होता. "नंतर भरून घेतो, तुम्ही फक्त सही ठोका," असं म्हणाला होता तो माणूस. आण्णांची सही किती सुंदर होती, शेवटच्या अक्षराला शेपूट काढायचे. त्या शेपटापायी ओढ्याकडचं रान गेलं. कागदावर आकडा कुणी घातला, कधी घातला, शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानंतर ते रेशनच्या दुकानातसुद्धा सही करताना थांबायचे, चष्मा पुसायचे, परत वाचायचे. तुझ्या लग्नाच्या यादीवर सही करताना त्यांचा हात कापत होता. लोकांना वाटलं, लेक जाणार म्हणून.

मशीन घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. तसं तुला वाटलं असेल तर माझंच बोलणं चुकलं. मागच्या उन्हाळ्यात तू एकटीनं दोनशे किलो चटणी केलीस. मी आले तेव्हा नाकाला ओला पंचा बांधून देठं खुडत होतीस, डोळे लालभडक, आणि बोटं आगआग करतात म्हणून रात्री ताकात बुडवून बसलीस. माझ्या हातालाही तुझ्या कांदा-लसणासारखी चव येत नाही, हे मी गटात सगळ्यांना सांगते, तुला कधी सांगितलं नव्हतं. त्या बोटांना मशीन मिळायलाच पाहिजे.

सोमवारी सकाळच्या गाडीनं मी येते. मशीनवाल्याकडून जीएसटीचा नंबर असलेलं कोटेशन आणून ठेव, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढून ठेव. आधार, पॅन, दोन फोटो. आपण दोघी कृषी कार्यालयात जाऊ. तिथं कुणी काही बोललं तर मी बोलेन, तू गप्प राहा. नाही, तूच बोल. धंदा तुझा आहे.

त्या माणसाचा फोन आला तर सांग, आई आल्यावर बघू. तोवर चेकबुक कपाटात, साड्यांच्या खाली.

पिल्लूला खोकला आहे म्हणालीस. ओवा भाजून पुरचुंडीनं शेक. मिरची कांडताना त्याला पुढच्या खोलीत ठेवत जा.

तुझी
आई

ता. क. चेकवर नुसतं नाव घालून दिलं तर चालेल का, असं विचारशील. नाही चालणार. मी येईपर्यंत काहीच देऊ नकोस.