आबा, इथं एक दगडी कुंड बघितलं

ति. आबांना शि. सा. न.

फोनवर सांगणार होते, पण फोनवर तुम्ही नुसतं बरं बरं म्हणता आणि आईकडं देता, म्हणून टाईप करून पाठवतेय. दाद्या, आबांना मोठ्यानं वाचून दाखव आणि मधलं गाळू नकोस.

परवा मला सुट्टी होती. वॉर्डातली एक सिस्टर म्हणाली चल तुला आमच्याकडचं दगडकाम दाखवते, कारण मी तिला सांगितलेलं की माझे आजोबा जात्याला टाकी लावायचे. मग तिच्या गाडीनं इथं इंग्लंडातल्या हेरफर्डच्या पश्चिमेला एर्डिस्ली म्हणून गाव आहे तिथं गेलो, वेल्सची हद्द तिथून जवळच. गाव छोटं, काळ्या लाकडाच्या चौकटी आणि मधे पांढऱ्या भिंती अशी घरं, आणि बाजूला चर्च. चर्चात कोणी नव्हतं, दार उघडंच, आत नुसता गारठा. तिथं ते कुंड उभं आहे.

लांबून बघितलं तर आपलं उखळच वाटतं, फक्त पेल्यासारखं, वर रुंद, मधे देठ आणि खाली बुंधा. लेकराचा बाप्तिस्मा ह्याच्या पाण्यात करतात. आता कपाळावर थोडं पाणी घालतात पण पूर्वी अख्खं लेकरू बुडवायचे, म्हणून एवढं मोठं. आणि ते पाणी मंत्रून ठेवलेलं असायचं ना, तर लोक चोरून न्यायचे, जादूटोण्याला! म्हणून १२३६ मध्ये इकडच्या मोठ्या बिशपनं फर्मानच काढलं की कुंडाला झाकण करा आणि कुलूप लावा. कुलूप लावायचे ते कोयंडे बसवल्याच्या खुणा बऱ्याच जुन्या कुंडांच्या काठावर अजून दिसतात म्हणे. मला हसूच आलं, आपल्याकडं विहिरीला कुलूप ऐकलं होतं, तीर्थाला नाही.

कुंड साधारण ११५० च्या सुमाराचं. म्हणजे आपलं अंबरनाथचं देऊळ १०६० चं, त्याच्यानंतर नव्वदेक वर्षांनी. दगड मात्र आपल्यासारखा काळा पत्थर नाही, रेतीचा दगड आहे, तुमच्या छिन्नीखाली लोण्यासारखा जाईल. त्यामुळं एवढं बारीक कोरता आलं असणार, पण मऊ दगड तेवढाच लवकर झिजतो ना? इथं तो चर्चच्या आत राहिला म्हणून टिकला असेल असं मला वाटतं, तुम्ही सांगा.

आता मेन गोष्ट. त्याच्यावर दोन शिपाई कोरलेत, टोकदार शिरस्त्राणं घातलेली, एकमेकांवर तुटून पडलेत आणि एकाचा भाला दुसऱ्याच्या थेट मांडीत घुसलाय. आबा, मी बघितलं आणि तोंडातून निघालं "अगं ही तर वीरगळ आहे!" सिस्टर म्हणाली काय? मग तिला आपल्या मारुतीच्या पाराजवळचा दगड समजावून सांगताना माझी इंग्रजी संपली. पण लेकराच्या पाण्याच्या भांड्यावर मारामारी कशाला? कोणी म्हणतं ती चांगल्या-वाईटाची लढाई आहे. गावात मात्र सांगतात की तो इथला बास्करव्हिल घराण्यातला राल्फ आणि त्याचा सासरा आहे, जमिनीवरून भांडण झालं आणि जावयानं सासऱ्याला मारलं. खरं-खोटं देव जाणे, पण जमिनीवरून म्हटल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं झालं.

दुसऱ्या बाजूला येशू एका माणसाला मनगट धरून खेचतोय. तो माणूस बारका आणि दोरखंडासारख्या गुंत्यात अडकलेला, त्या गाठी सगळ्या कुंडभर वेणीसारख्या फिरतात, कुठून सुरू होतात कळतच नाही, मी बोटानं माग काढायला गेले आणि दोनदा चुकले. मोठा सिंहपण आहे, आयाळ-शेपटीसकट. सगळ्यांचे डोळे कसे बटाट्यासारखे बाहेर आलेले. आणि अंगावरचे कपडे म्हणजे नुसत्या ओळी, एकाला एक लागून, खोल, सारख्या अंतरावर, अगदी तुम्ही जात्याच्या तळीला पाडायचात तशा. हात लावायला नको होता बहुतेक, पण लावला. तुमच्या हातचं जातं आठवलं.

ह्या भागात असं कोरीव काम केलेली बरीच चर्चेस आहेत, सगळ्यांची धाटणी एक, जणू एकाच टोळीचे कारागीर फिरून करत होते. किलपेकला एक आहे, त्याचं दार साप आणि ड्रॅगननी नुसतं भरलंय, ते पुढच्या सुट्टीला. सांगतात की इथल्या सरदाराचा कारभारी ऑलिव्हर डी मर्लिमोंड, तो स्पेनला सांतियागोच्या यात्रेला पायी गेला, वाटेत फ्रान्समधली देवळं बघितली आणि परत येऊन शॉबडनला तसलंच चर्च बांधून घेतलं, तिथून हे सगळं पसरलं. आता कारभाऱ्याचं नाव आहे, सरदाराचं आहे, ज्यानं छिन्नी धरली त्याचं नाव कुठंच नाही. तुम्ही म्हणता ना, नाव पैसेवाल्याचं लागतं, तेच इथंही.

फोटो सहाच आले, मोबाईलची बॅटरी नेमकी शेवटच्या बाजूला गेली आणि सिस्टरचा फोन गाडीत. तरी पाठवतेय, दाद्या झूम करून दाखवेल.

आता मला एवढं सांगा. असं गोल भांडं करताना आतली पोकळी आधी काढतात की बाहेरची नक्षी आधी? मला वाटतं पोकळी आधी, कारण नक्षी झाल्यावर आत घण घातला आणि दगड फुटला तर सगळी मेहनत गेली. सिस्टर म्हणते उलटं, बाहेरचं आधी, म्हणजे दगड जड असतो आणि हलत नाही. आमची पैज लागलीय, हरलेली कॉफी पाजणार. तुम्ही माझ्या बाजूनं बोला असं नाही, खरं तेच सांगा.

आणि दाद्या, पाराजवळच्या वीरगळीचा एक फोटो काढ, सकाळी उन्हात, शेंदूर जरा पुसून, पण गुरवांना विचारून. खालच्या पट्टीत त्या माणसाला भाला कुठं लागलाय ते मला बघायचंय.

आईला सांग मसाला पोचला, डबा फुटला नाही.

तुमची,
ताई