इलेक्ट्रिशियनची मजुरी कशी ठरते?

महोदय,

स्वतंत्र व्यवसाय करणारा इलेक्ट्रिशियन दहा मिनिटांच्या कामाचे भरमसाट पैसे घेतो, ही तक्रार मला अन्यायकारक वाटते. बिघाड भिंतीतल्या वायरिंगमध्ये असला, तर एकेक सर्किट वेगळे करून मेगर या मोजणी-उपकरणाने तारांचे इन्सुलेशन (विद्युतरोधक आवरण) तपासावे लागते; दोष सापडल्यावर जोडणी मिनिटांत होते, पण खरी मजुरी त्या शोधाची असते. शिवाय येण्याजाण्याचा वेळ, अवजारांची झीज, कामाविना गेलेले दिवस आणि तोच बिघाड पुन्हा झाल्यास विनामूल्य येण्याची जबाबदारी, हे सारे त्याला याच दरातून भागवायचे असते. मात्र तपासणीचे शुल्क, मजुरी आणि सामानाची किंमत त्याने काम सुरू करण्यापूर्वीच वेगवेगळी लिहून द्यावी. मजुरी सामानाच्या किमतीत लपवली, की ग्राहकाचा विश्वास उडतो आणि घासाघीस सुरू होते.

– एक वाचक