किलोमीटरमध्ये भरलेले शोध-अंतर दर वेळी आपोआप घटते, त्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी मेहकर तालुक्यातल्या (जि. बुलढाणा) एका खेड्यात सेवा केंद्र चालवतो आणि आपल्या जिओकॅशिंग संकेतस्थळाचा (जिओकॅशिंग म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून लपवलेले डबे किंवा नेमलेल्या जागा, म्हणजेच जिओकॅश, शोधण्याचा खेळ) वार्षिक वर्गणी भरणारा सभासद आहे. या आधीच्या माझ्या तक्रारीला आपल्याकडून उत्तर आले, ते असे: "आपल्या परिसरात जिओकॅश नाहीत, शोधाचे अंतर वाढवून पाहा." अंतर वाढवले तरी ते टिकत नाही, हीच माझी तक्रार होती. म्हणून आता सविस्तर लिहितो.

सेटिंग्जमध्ये एकक 'किलोमीटर' निवडून मी शोधाचे अंतर (घरापासून किती अंतरापर्यंतचे जिओकॅश यादीत दाखवायचे, ते) ५० भरतो आणि जतन करतो. तेच पान पुन्हा उघडले की तिथे ३१ दिसते. त्या आकड्याला हात न लावता, फक्त ईमेल सूचनांची खूण बदलून जतन केले की ३१ चे १९ होतात. पुढच्या वेळी १२. हे आकडे कसेही येत नाहीत. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर. ५० ला १.६०९ ने भागले की ३१, ३१ ला भागले की १९, १९ ला भागले की १२. म्हणजे आपली प्रणाली किलोमीटरचे मैल करून साठवते, पण दाखवताना आणि शोधताना ते परत किलोमीटरमध्ये आणत नाही. मग मैलाच्या आकड्यालाच किलोमीटर समजून पुढच्या वेळी पुन्हा भागते. एकक 'मैल' ठेवून ३१ भरले तर मात्र ते ३१ च राहतात. यापेक्षा स्वच्छ पुरावा मी ग्राहक म्हणून देऊ शकत नाही.

आपल्या प्रतिनिधीने सुचवलेले सगळे केले. ब्राउझर बदलला, कुकीज पुसल्या, बाहेर पडून पुन्हा लॉगिन केले, मोबाइलवर आणि केंद्रातल्या संगणकावर दोन्हीकडे पाहिले. सगळीकडे तेच, कारण चुकीचा आकडा माझ्या खात्यातच साठलेला आहे. लॉगिन न करता शोधले तर आमचे गाव मुंबईत दिसते, कारण मोबाइल कंपनीचे इंटरनेट तिकडून बाहेर पडते. ते मी समजू शकतो आणि त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण खात्यात घराचे अक्षांश-रेखांश मी स्वतः भरलेले आहेत आणि ते जसेच्या तसे आहेत. लोणारच्या जिओकॅशचे पान थेट दुव्याने उघडले की 'घरापासून २९ किमी' असे बरोबर अंतर येते. अंतर मोजणे बरोबर, अंतरानुसार यादी गाळणारी गाळणी (फिल्टर) तेवढी चुकीची.

याचा त्रास शहरातल्या सभासदाला कदाचित जाणवणारही नाही. पुण्यात १२ किलोमीटरच्या वर्तुळातही त्याला शोधायला काही ना काही मिळेल. आमच्याकडे एका जिओकॅशपासून दुसऱ्यापर्यंत एसटीने तालुका ओलांडावा लागतो. इथे ३१ चे १९ झाले की लोणार यादीतून नाहीसे होते, आणि लोणार गेले की आमच्या यादीत काहीच उरत नाही.

गावातल्या मुलांना मी लोणारला नेले, तेव्हा हेच झाले. विवराच्या कडेपासून तळ सुमारे १३७ मीटर खाली आहे, आणि झाडीत उतरले की रेंज जाते. म्हणून यादी आदल्या रात्रीच मोबाइलवर उतरवून ठेवली होती. खाली पोहोचल्यावर उघडली तर लोणारची नोंदच नव्हती. ते अभयारण्य असल्यामुळे तिथे डबा लपवलेला नाही. खडक आणि पाणी पाहून प्रश्नांची उत्तरे द्यायची, अशी ती नोंद आहे. बेसॉल्टवर अशनी आदळून झालेले विवर मुले समोर पाहत होती आणि विचारायचे प्रश्न माझ्याजवळ नव्हते. त्यांचा हिरमोड झाला. मला त्याचे फार वाईट वाटले आणि अजून वाटते.

ज्या लोणार सरोवराला २०२० मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाला, ते २९ किलोमीटरवर असताना "आपल्या परिसरात जिओकॅश नाहीत" असे उत्तर विदर्भातल्या ग्राहकाला देऊ नये. शून्य निकाल आले की तुमचे पानही हेच वाक्य दाखवते. किती किलोमीटरमध्ये शोधले, ते सांगतच नाही. नवीन माणूस ते वाचून इथे काही नाहीच असे समजेल आणि खाते बंद करेल. मैल वापरून वेळ निभावता येते, पण आमच्या रस्त्यावरचे दगड किलोमीटरचे आहेत आणि मुलांना मी मैल का शिकवावेत?

माझी मागणी: साठवलेले अंतर दाखवताना योग्य एककात बदलून दाखवावे. वापरकर्त्याने आकडा बदललेला नसेल तर जतन करताना तो बदलू नये. निकालाच्या पानावर वापरलेले अंतर एककासह लिहावे. ज्या खात्यांचे अंतर असे घटले आहे, त्यांना ईमेलने कळवावे, कारण अनेकांना ते कळलेलेही नसेल. माझ्या वर्गणीची मुदत दोष दूर होईपर्यंतच्या काळाइतकी वाढवून द्यावी.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि गरज पडली तर बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ५०, ३१, १९ आणि १२ दाखवणारे स्क्रीनशॉट क्रमाने सोबत जोडले आहेत. आपल्या तांत्रिक विभागाला माझ्या खात्यावर चाचणी करायची असल्यास माझी परवानगी आहे.

आपला,
एक सभासद
ता. मेहकर, जि. बुलढाणा