कारवानचं पिल्लू उचलण्याआधी

लातूर,
रविवार

प्रिय वसंता,

तुझं पत्र आणि फोटो मिळाला. उसाच्या पाचटावर कारवान जातीच्या शिकारी कुत्रीची सहा पिल्लं एकमेकांच्या अंगावर लोळतायत आणि मागे तू लिहिलंयस, "यातलं कुठलं उचलू?" फोटो बघून हे सांगता येत नाही. कुणी छातीठोकपणे सांगितलंच, तर त्याच्याकडून पिल्लू घेऊ नकोस.

आधी वयाचं बोलू. पिल्लं पाच आठवड्यांची झालीत, अंगावरचं दूध तुटलंय, आता न्यायला हरकत नाही, असं मालक म्हणतोय ना? नेऊ नकोस. २०१७ साली आलेल्या श्वानपैदाशीच्या केंद्रीय नियमांप्रमाणे ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, पण कायदा घटकाभर बाजूला ठेव. या शेवटच्या तीन आठवड्यांत पिल्लं आपसात झोंबतात. एक जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. चावा कितपत घ्यायचा हे कुत्र्याला असंच कळतं. ही शाळा अर्धवट सुटली की उरलेले धडे तुझ्या ओवीच्या हातावर गिरवले जातील. म्हणून आत्ता विसार देऊन ये आणि दोनदा जा, एकदा सहाव्या आठवड्यात आणि एकदा न्यायच्या दिवशी. एका दिवसाच्या बघण्यावर भरवसा नसतो. एखादं पोटभर पिऊन पेंगत असतं, एखाद्याला त्याच सकाळी जंताचं औषध पाजलेलं असतं.

पिल्लांच्या आधी त्यांची आई बघ. कारवान परक्याला अंगाला हात लावू देत नाही, ती जातच तशी. त्यामुळे आई चार हात लांब उभी राहून तुला न्याहाळत असेल तर ते चांगलंच आहे. पण ती शेपूट पोटाशी घेऊन गाडीखाली दडत असेल, भीतीने मुतत असेल, किंवा मालकाने धरलेली असतानाही अंगावर झेपावत असेल, तर पिल्लं कितीही गोड असोत, चहा पिऊन परत ये. भित्रेपणा थोडा रक्तातून येतो आणि थोडा आईचं बघून लागतो. इथे दोन्ही बाजूंनी मिळणार. कारवानच्या बरगड्या एरवीही दिसतात, व्यायल्यावर जास्तच दिसतील, त्याचं काही वाटून घेऊ नकोस. केस गेलेले चट्टे आणि खाजवणं मात्र नीट बघ. खरूज आईकडून पिल्लांना लागते आणि माणसालाही खाज सुटते.

कानही बघून घे. कारवानचे कान डोक्याच्या दोन्ही बाजूंना लगटून खाली लोंबतात. ते मागे मुडपलेले आणि मांड्या जास्त भरलेल्या दिसल्या, तर शर्यतीसाठी कुणीतरी ग्रेहाउंड मिसळलेला असू शकतो. तसं कुत्रं वाईट नसतं, पण मग कारवानचे पैसे का मोजायचे? बाप बहुधा दुसऱ्या गावचा असेल; निदान त्याचा फोटो माग.

आता पिल्लांकडे वळू. सकाळी, त्यांना खायला घालण्याआधी जा. पहिली दहा मिनिटं कुणालाही हात लावू नकोस, लांब बस आणि नुसतं बघ. "धावत येतं ते आपलं" असं आपल्याकडे म्हणतात. प्रत्यक्षात सगळ्यांना तुडवत पहिलं येतं ते बहुतेक वेतातलं सर्वांत दांडगं असतं. पहिलंच कुत्रं आणि घरात सात वर्षांची पोर, अशा घराला ते झेपत नाही. कोपऱ्यात बसलेल्या बारक्याला तू दयेपोटी उचलशील, हे मला आत्ताच दिसतंय. ते भित्रं तरी असतं नाहीतर आजारी तरी, आणि दयेने दोन्ही बरं होत नाही. तुला मधलं हवंय. क्षणभर थांबून, वास घेऊन मग येणारं, थोडा वेळ खेळून पुन्हा आपल्या उद्योगाला लागणारं.

असं एखादं नजरेत भरलं की उचल आणि बोटांनी तपास. ओठ वर करून हिरडी दाब; पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरडी मुळातच फिकट असेल तर अंकुशकृमी, गोचीड किंवा पिसवा रक्त पितायत असं समज. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोड, ती लगेच जागेवर बसली पाहिजे. मग पोट बघ. पाठीचा कणा हाताला टोचतोय आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं, याला लोक बाळसं म्हणतात; ते गोल जंत असतात. हे जंत आईच्या पोटातच पिल्लाला लागतात, पुढे दुधातूनही जातात. म्हणून औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी द्यावं लागतं. कोणतं औषध, कोणत्या तारखेला, ते लिहिलेलं दाखवा म्हण. बेंबीपाशी मऊ गोळा लागला तर हर्निया. तो लहान असला की जीवावरचं दुखणं नाही, पण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय व्यवहार करू नकोस. नर घेणार असशील तर आठव्या आठवड्यापर्यंत दोन्ही अंड हाताला लागले पाहिजेत. शेपटीखाली चिकटलेली, वाळलेली हागवण दिसली तर पिल्लू खाली ठेव.

वेतात एकालाही पातळ हागवण किंवा उलट्या असतील तर त्या वेतातलं कुठलंच नको. पार्व्होची, म्हणजे हागवण-उलट्यांच्या जीवघेण्या विषाणूची, लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात. आज उड्या मारणारं पिल्लू गुरुवारी मान टाकतं. त्याच दिवशी दुसरा वेत बघायला जाणार असशील तर चपला बदल, कारण हा विषाणू पायांवरूनही जातो आणि मातीत महिनोन् महिने टिकतो. फरशी आधी धुऊन मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी अशा मिश्रणाने पुसली तर तो मरतो. फिनेलवर विसंबू नकोस.

तब्येत पास झाली की स्वभाव. पिल्लाला भावंडं दिसणार नाहीत अशा जागी ने. त्याच्यापासून सहासात फुटांवर स्टीलची ताटली टाक. दचकेल, दचकू दे. पुढची दहावीस सेकंद महत्त्वाची आहेत. सावरून ताटली हुंगायला गेलं तर उत्तम. पाच मिनिटं भिंतीला चिकटून थरथरत राहिलं तर सोडून दे. ऐकू येतं का हे त्याच्या पाठीमागे किल्ल्या वाजवून बघ, तेही एकटं असतानाच. घोळक्यात बहिरं पिल्लू भावंडांकडे बघून मान वळवतं आणि आपण फसतो. शेवटी अर्धा मिनिट उताणं मांडीवर धर. थोडं वळवळून शांत होणारं घरात रुळतं. एवढं सगळं करूनही मोठेपणी ते नेमकं कसं निघेल हे कुणी सांगू शकत नाही. या परीक्षांतून टोकाची पिल्लं तेवढी गाळता येतात.

दोन भावंडं एकदम आणायचा मोह वहिनींना होईल. ती दोघं एकमेकांची होतात, तुमची होत नाहीत. आणि "शिकारीला चांगलं निघेल" असं मालक म्हणाला तर हसून सोडून दे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सशाची शिकारही गुन्हाच आहे. पळणाऱ्या कोंबडीमागे मात्र हे कुत्रं धावणारच, तेव्हा खुराड्याची जाळी आधी बघ.

लसीचं कार्ड घे. पहिली लस ६ ते ८ आठवड्यांना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने १६ आठवड्यांपर्यंत, रेबीजची तिसऱ्या महिन्यात. आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या लसी निकामी करते आणि ती नेमकी कधी ओसरेल ते कळत नाही, म्हणून इतके डोस. पुढे नसबंदी करताना हे शिकारी जातीचं कुत्रं आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांग. अंगात चरबी नसल्यामुळे भुलीची काही औषधं यांना जास्त वेळ चढून राहतात.

येताना आईच्या अंगाखालचं एक फडकं आण आणि पिल्लं जे खातायत तेच चार-पाच दिवसांचं मागून घे. तुझं खाणं त्यात आठवडाभरात हळूहळू वाढव. निघण्याआधी दोन-तीन तास खायला नको, नाहीतर गाडीत ओकेल. वाटेत ढाब्यावर थांबलात तर जमिनीवर ठेवू नकोस, तिथे शंभर कुत्री फिरून गेलेली असतात. शू करायची असेल तर जुन्या वर्तमानपत्रावर, गाडीतच.

८ आठवडे कोणत्या तारखेला भरतात ते मालकाला विचारून कळव. आणि आईचा एक फोटो पाठव, उभी असताना, बाजूने काढलेला. पिल्लांचे नकोत.

तुझा,
दिगू