चोरी, जबरी चोरी आणि दरोडा : बातमीत नेमका शब्द हवा

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

अलीकडे आपल्या दैनिकाच्या शहर पानावर ‘दरोडा’ हा शब्द वारंवार दिसतो. कुटुंब गावी गेलेले असताना बंद सदनिकेचे कुलूप तोडून दागिने नेले, तो दरोडा. पहाटे निर्मनुष्य एटीएम गॅस कटरने कापले, तोही दरोडा. औषधाचे दुकान बंद करून घरी निघालेल्या दुकानदाराला मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी कोयता दाखवून त्याची रोकड असलेली पिशवी नेली, त्याचाही मथळा ‘व्यापाऱ्यावर दरोडा’ असाच. यांपैकी पहिली घटना घरफोडीची, दुसरी चोरीची किंवा फार तर घरफोडीची आणि तिसरी जबरी चोरीची आहे. दरोडा यांत एकही नाही. न्यायालयात नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला हा फरक खटकतो तो भाषेच्या सोवळेपणामुळे नव्हे. या शब्दांवर माणसांची शिक्षा, नुकसानभरपाई आणि अख्ख्या वस्तीची झोप अवलंबून असते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मालकाच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने त्याच्या ताब्यातील जंगम वस्तू हलवणे म्हणजे चोरी. तीच चोरी करताना, करण्यासाठी किंवा माल घेऊन पळताना कोणाला इजा केली, अडवून धरले किंवा तत्काळ इजा होईल अशी भीती घातली, की ती जबरी चोरी होते. 1860च्या भारतीय दंड संहितेत ही व्याख्या कलम 390 मध्ये होती आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम 309 मध्ये आहे. किती रुपये गेले याचा या व्याख्येशी काहीही संबंध नाही. कोट्यवधींचे हिरे रिकाम्या घरातून गेले तरी ती जबरी चोरी होत नाही, आणि भाजीवालीच्या गळ्याला सुरी लावून गल्ल्यातले दोनशे रुपये नेले तर ती होते. ‘तत्काळ’ हा शब्दही येथे महत्त्वाचा आहे. जुन्या संहितेत यासाठी एक बोलके उदाहरण दिलेले होते : रस्त्यात गाठून मुलाला हिसकावून घेतले आणि ‘पैसे दे, नाहीतर याला कड्यावरून फेकतो’ असे धमकावले, तर ती जबरी चोरी, पण ‘तुझे मूल आमच्या टोळीच्या ताब्यात आहे, दहा हजार पाठव’ असे दुसरीकडून कळवले, तर ती खंडणी, कारण मृत्यूचे भय त्या क्षणाचे नाही.

दरोड्याला याहून एक गोष्ट अधिक लागते, ती म्हणजे पाच किंवा अधिक माणसे. चौघांनी मिळून केली तर जबरी चोरी, पाचव्याने साथ दिली की दरोडा. हा पाचवा घरात शिरलेलाच असावा असेही नाही. फाटकाशी उभा राहून पाळत ठेवणारा, मदतीसाठी हजर असलेला माणूसही मोजला जातो. प्रयत्न फसला तरी कायद्याच्या दृष्टीने तो दरोडाच ठरतो. म्हणूनच त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. साध्या जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत महामार्गावर ती घडल्यास चौदा वर्षांपर्यंत. आपल्या भाषेत या शेवटच्या प्रकाराला वाटमारी हा नेमका शब्द होता. तो वृत्तपत्रांनी पुन्हा वापरात आणावा असे मला मनापासून वाटते.

शब्द चढवून वापरल्याने विनाकारण भीती पसरते हे झाले. पण शब्द उतरवून वापरल्याने होणारे नुकसान मला अधिक गंभीर वाटते. आमच्या गल्लीतील एका वयस्कर बाईंचे मंगळसूत्र दुचाकीस्वारांनी ओढले. ते तुटेना म्हणून त्यांनी बाईंना काही अंतर फरपटत नेले. गुडघे सोलवटले, मानेवर काळानिळा वळ उमटला. दुसऱ्या दिवशी त्याची बातमी ‘सोनसाखळी चोरी’ म्हणून चार ओळींत आली आणि घरच्यांनीही तक्रारीत फक्त दागिन्याचे वजन आणि किंमत सांगितली. जखमेविषयी कोणी बोललेच नाही, कारण ‘चोरी’ म्हटल्यावर वस्तूचाच हिशेब डोळ्यांपुढे येतो. नव्या संहितेच्या कलम 304 मध्ये हिसकावून नेण्याचा स्वतंत्र गुन्हा आला असून त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र दागिना नेण्यासाठी जाणूनबुजून इजा केली असेल, तर प्रकरण जबरी चोरीत जाते आणि अशा इजेसह केलेल्या जबरी चोरीला जन्मठेपेचीही तरतूद आहे. फिर्याद देताना बळ कसे वापरले, कोणी अडवले, कोणते शब्द उच्चारले, हे सांगणे म्हणून अत्यावश्यक असते. लोक हे वृत्तपत्रातूनच शिकतात.

विम्याच्या बाबतीतही असेच घडते. घरफोडीच्या विम्यात बहुधा बळाचा वापर करून केलेला प्रवेश ही अट असते, आणि पॉलिसीतील व्याख्या तशी असेल तर बळाविना झालेली चोरी तिच्यात बसत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये दिला आहे. बातमीत काय छापले यावर दावा ठरत नाही हे खरे, पण तीच बातमी वाचून दुकानदार आपला विमा पुरेसा आहे असे समजून बसतो.

आणखी एका ठरीव मथळ्याकडे लक्ष वेधतो : ‘दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद’. दोरी, कटावणी, मिरचीपूड, कोयता आणि रात्रीची वेळ एवढ्यावर येथे गुन्हा नोंदवलेला असतो. दरोडा पडलेला नसतो आणि तसा हेतू होता की नाही हे न्यायालयाला अजून ठरवायचे असते. 1871च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि 1952 मध्ये ज्यांची त्यातून मुक्तता झाली, त्यांच्यातील तरुणांवर ‘दरोडेखोर’ हा शिक्का आजही फार सहज बसतो. आरोप सिद्ध होईपर्यंत त्यांना ‘संशयित’ म्हणावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आपल्या वार्ताहरांना यासाठी फार कष्ट पडणार नाहीत. पोलीस ठाण्याच्या प्रथम खबर अहवालात कलम लिहिलेले असते. ते बातमीच्या शेवटी छापावे, आणि मथळा देण्यापूर्वी घटनास्थळी कोणी हजर होते का, बळ वा धाक वापरला का आणि आरोपी किती होते, एवढे विचारून घ्यावे. नोंदवलेले कलम आणि प्रत्यक्ष घडलेले यांत तफावत दिसली, तर तीच बातमी करावी. फरपटत नेलेल्या त्या बाईंसारख्यांना तिचा मोठा आधार होईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा