बोनव्हिल सरोवराच्या जुन्या काठांवरील रेताड जमिनीविषयी

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत अमेरिकेच्या पश्चिमेकडील शुष्क प्रदेशावर नुकताच एक लेख प्रसिद्ध झाला. यूटा आणि नेवाडा या राज्यांत पसरलेल्या ग्रेट बेसिनचे वर्णन करताना लेखकाने डोंगरपायथ्याची रेताड, गोट्यांनी भरलेली जमीन आणि खोऱ्याच्या तळाची खारट, चिकण जमीन यांना एकाच रांगेत बसवले आहे, आणि पाणी धरत नाही म्हणून ही सगळी भूमी निकामी, असा शेरा मारला आहे. मृदाशास्त्राचा अभ्यासक या नात्याने या जमिनींविषयी मी अनेक वर्षे वाचत आलो आहे. हा शेरा मला केवळ अपुरा वाटत नाही, तो घातक वाटतो. एकदा जमीन निकामी ठरली की तिच्यावर काहीही करायला सगळे मोकळे होतात. म्हणून हे काहीसे लांबलेले पत्र.

या जमिनीचा स्वभाव समजून घ्यायचा तर ती कशी घातली गेली हे आधी पाहावे लागते. हिमयुगाच्या अखेरच्या काळात पश्चिम यूटाचा बराचसा भाग बोनव्हिल नावाच्या गोड्या पाण्याच्या सरोवराखाली होता. ऐन भरात असताना त्याचा विस्तार सुमारे ५१ हजार चौरस किलोमीटर होता आणि खोली ३०० मीटरहून अधिक. पाण्याची पातळी जेथे दीर्घकाळ स्थिरावली तेथे लाटांनी डोंगरउतार कोरले, ओढ्यांनी आणून टाकलेला राडारोडा पुन्हा पुन्हा घुसळला, वाळू आणि गोटे काठाशी ठेवले आणि बारीक गाळ खोल पाण्यात नेऊन सोडला. सुमारे १८ हजार वर्षांपूर्वी आजच्या आयडाहो राज्यातील रेड रॉक पास येथे सरोवराचा काठ फुटला, पाणी स्नेक नदीच्या खोऱ्यात लोटले आणि पातळी १०० मीटरहून अधिक खाली आली. त्यानंतर हवामान कोरडे होत गेले तसे सरोवर आटत गेले, आणि त्याचा जो अवशेष उरला तो म्हणजे आजचे ग्रेट सॉल्ट लेक. पाण्याच्या प्रत्येक मोठ्या मुक्कामाची खूण डोंगरांच्या अंगावर आडव्या पायरीच्या रूपाने शिल्लक आहे; सर्वांत वरची बोनव्हिल पातळीची आणि तिच्याखालची प्रोव्हो पातळीची पायरी तर मैलोगणती दुरून ओळखू येते. पश्चिम नेवाडात लाहोंटन या दुसऱ्या प्राचीन सरोवराने असेच काठ मागे ठेवले आहेत.

भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी बोनव्हिलच्या काठांचा जो अभ्यास १८९० मध्ये प्रसिद्ध केला, त्यात एक विलक्षण गोष्ट आहे. एकेकाळी एकाच पाण्याला टेकलेला काठ सर्वत्र एकाच उंचीवर असायला हवा. तो सरोवराच्या मध्यभागाकडे चढत गेलेला आढळतो. पाण्याचा भार उतरल्यावर खालचे भूकवच वर उचलले गेले, हा त्याचा अर्थ गिल्बर्ट यांनी लावला आणि तो पुढे खरा ठरला. ज्या गोट्यांच्या रांगांनी पृथ्वीच्या कवचाची लवचीकता दाखवून दिली, त्यांची गणना ‘पडीक’मध्ये व्हावी याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता प्रत्यक्ष जमिनीकडे वळतो. ओढ्याने एकदाच वाहून आणलेले दगड कोनाकोनांचे असतात आणि त्यांच्यात माती मिसळलेली असते. लाटांनी घोळलेले खडे मात्र गोल, गुळगुळीत आणि पुष्कळदा एका मापाचे असतात. म्हणून या काठांवर खड्डा घेतला तर वाळूचा एक थर, त्याखाली खड्यांचा, पुन्हा वाळूचा, असे आडवे पदर दिसतात. मृदावर्गीकरणात दोन मिलिमीटरहून मोठे कण माती म्हणून धरले जात नाहीत, आणि त्यांचे प्रमाण आकारमानाने ३५ टक्क्यांच्या वर गेले की ती जमीन अतिखडेयुक्त गटात जाते. या काठांवर असे थर सर्रास सापडतात. सेंद्रिय कर्ब थोडा असतो. आजूबाजूचे डोंगर बऱ्याच ठिकाणी चुनखडकाचे असल्यामुळे आणि आटलेल्या तळावरून चुनायुक्त धूळ उडून येत असल्यामुळे सामू (पीएच) अल्कधर्मी, बहुधा आठच्या आसपास असतो.

या चुन्याची एक खूण शेतीच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. पावसाचे पाणी वरच्या थरातला चुना विरघळवून खाली नेते, प्रत्येक खड्याच्या पोटाशी पाण्याचा पातळ पापुद्रा लटकून राहतो, तो सुकला की चुना तेथेच चिकटतो. त्यामुळे खडा उपटून उलटा केला तर वरची बाजू स्वच्छ आणि खालची पांढरी दिसते. हा पांढरा लेप किती खोलीवर सुरू होतो यावरून पावसाची ओल साधारणपणे कोठवर पोचते याचा अंदाज येतो, आणि तो किती जाड आहे यावरून जमिनीच्या वयाचा. बोनव्हिलच्या काठांचे वय पंधरा-वीस हजार वर्षांचेच असल्याने येथे हा लेप सहसा बेताचा असतो. सिमेंटसारखा सलग कठीण थर तयार व्हायला याहून कितीतरी अधिक काळ लागतो. मुळांना खाली जायला वाट मिळते ती त्यामुळेच.

आपल्या लेखाचा मुख्य आक्षेप पाणी धरण्याविषयी आहे, आणि नेमकी तेथेच त्याची गफलत झाली आहे. रेताड जमीन प्रत्येक सेंटिमीटर खोलीमागे कमी पाणी धरते, हे खरेच. भरपूर पावसाच्या प्रदेशात हा दोष ठरतो, कारण जास्तीचे पाणी मुळांच्या खाली निघून जाते. पण या काठांवर जी चराऊ कुरणे आहेत त्यांच्या बऱ्याच भागात वर्षाकाठी १२५ ते ३०० मिलिमीटरच पाऊस आणि बर्फ पडतो. मुळांच्या खाली निसटून जावे इतके पाणी तेथे बहुतेक वर्षी नसतेच. तेथे पाण्याचा मोठा शत्रू बाष्पीभवन आहे. ठोकळ हिशेब करून पाहा. दहा मिलिमीटर पाऊस पडला आणि चिकण मातीने तो आकारमानाच्या ४० टक्के या प्रमाणात धरला, तर जेमतेम अडीच सेंटिमीटर खोलीपर्यंत ओल जाईल आणि दोन दिवसांच्या उन्हात उडून जाईल. तोच पाऊस १० टक्के धरणाऱ्या वाळूत दहा सेंटिमीटर खोल उतरतो, आणि त्या वाळूत निम्मे आकारमान खड्यांनी व्यापले असेल तर वीस सेंटिमीटर. वरची वाळू लवकर सुकते आणि एकदा सुकली की खालची ओल केशाकर्षणाने वर येण्याचा मार्ग तुटतो. कोरडा थर खालच्या ओलीवर पांघरुणासारखा राहतो. चिकण मातीवर पावसाचे थेंब पडून पापडी धरते आणि पाणी वाहून जाते, ते नुकसानही येथे टळते. इस्रायली परिस्थितिकीतज्ज्ञ इमॅन्युएल नॉय-मेइर यांनी १९७३ मध्ये या उलट्या न्यायाची नीट मांडणी केली: ओल्या प्रदेशात बारीक पोताची जमीन सरस, शुष्क प्रदेशात जाड पोताची. हिवाळ्यातले बर्फ सावकाश वितळत असताना तर ही जमीन जवळपास सगळे पाणी पोटात घेते. शिवाय निचरा चांगला असल्याने क्षार वरच्या थरात साठत नाहीत. ते खालच्या तळाकडे गेलेले असतात, आणि तळ पांढरा पडलेला असतो तो त्यामुळे. लेखकाने एकत्र केलेल्या दोन जमिनी एकाच सरोवराची विरुद्ध गुणांची अपत्ये आहेत.

ही ओल वापरणाऱ्या वनस्पतींनीही तिच्याशी जुळवून घेतलेले आहे. इंडियन राइसग्रास हे वाळूत सर्वांत सुखाने वाढणारे बहुवर्षायू गवत. त्याच्या मुळांभोवती चिकट स्रावाने वाळूचे कण घट्ट धरलेले एक आवरण तयार होते, आणि भोवतालची वाळू सुकली तरी मुळाला थोडी ओल आणि आसरा मिळतो. त्याचे टपोरे, पौष्टिक दाणे पायूट, शोशोनी आणि गोशूट हे येथील मूळ रहिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या गोळा करून खात आले. वर्षाला १५०–२०० मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यात त्याच्या जोडीला शॅडस्केल आणि विंटरफॅट ही झुडपे असतात, आणि जरा अधिक पावसात सेजब्रश. विंटरफॅटमध्ये हिवाळ्यातही प्रथिने टिकून राहतात, त्यामुळे मेंढ्यांच्या कळपांसाठी त्याचे मोल फार मोठे आहे.

या जमिनीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. पोषणद्रव्यांचा साठा लहान आहे आणि तो बराचसा झुडपांच्या बुंध्याशी व पृष्ठभागाच्या काही मिलिमीटरांत एकवटलेला आहे. झुडपांमधल्या उघड्या भागावर सायनोबॅक्टेरिया (सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे जीवाणू), दगडफूल आणि शेवाळ यांचे जिवंत कवच असते. ते वाळू बांधून ठेवते आणि हवेतला नत्र जमिनीत आणते. कोरड्या दिवसांत हे कवच खुरांखाली किंवा गाडीच्या चाकांखाली चुरडले की वारा वाळू उचलू लागतो, आणि कवच पुन्हा नीट धरायला दशके जातात. अशा मोकळ्या जागी चीटग्रास हे परदेशातून आलेले वर्षायू गवत घुसते. ते शरद ऋतूतच उगवते, वसंतातली ओल इतरांच्या आधी शोषते, उन्हाळ्याच्या तोंडाशी वाळून जाते आणि आगीला सलग इंधन पुरवते. आगीनंतर सेजब्रश बुंध्यातून फुटत नाही, चीटग्रास मात्र बियांतून लगेच परततो. मग पुन्हा बी पेरून कुरण उभे करावे म्हटले तर पावसाची इतकी कमी शाश्वती असते की पेरणी वारंवार वाया जाते. या जमिनीवर टिकून असलेले कुरण राखणे हे गेलेले कुरण परत आणण्यापेक्षा कितीतरी सोपे आणि स्वस्त आहे, असे माझे ठाम मत आहे.

हे राखता येते, याचा पुरावा उपलब्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या प्रदेशात बेसुमार चराई झाली. १९३४ च्या टेलर चराई कायद्याने सरकारी कुरणांवर परवान्याची पद्धत आणली. त्याच्या आदल्या वर्षी, १९३३ मध्ये, पश्चिम यूटातील पाइन व्हॅलीत डेझर्ट एक्सपेरिमेंटल रेंज हे संशोधनक्षेत्र राखून ठेवण्यात आले आणि तेथे कुंपणे घालून मेंढ्यांच्या चराईची दीर्घकाळ तुलना झाली. किती जनावरे चरतात याच्याइतकेच ती कोणत्या ऋतूत चरतात हे निर्णायक ठरते, असे तेथे दिसून आले: झुडपे सुप्तावस्थेत असताना, हिवाळ्यात, माफक चराई त्यांना सोसते, वसंतात नवा कोंब फुटत असताना तीच चराई त्यांचा जीव घेते. ज्या जमिनीत ओलीचा साठा एकाच ऋतूत भरतो, तिथे त्या ऋतूतली पाने खुडली गेली तर झाडाला दुसरी संधी मिळत नाही.

आणखी एक उपयोग लेखात आला नाही. सॉल्ट लेक सिटीच्या आसपास वासॅच पर्वताच्या पायथ्याला असलेल्या याच जुन्या काठांवर वस्ती वाढली आहे, आणि लाटांनी धुऊन, निवडून ठेवलेली वाळू व खडी बांधकामासाठी मोठ्या प्रमाणावर उपसली जाते. घरे आणि रस्ते लागतात, हे मला मान्य आहे. पण डोंगरावरून आलेले पाणी भूजलात मुरते ते बऱ्याच अंशी याच जाड पोताच्या पट्ट्यांतून, आणि उपसलेला काठ पुन्हा घालून द्यायला ते सरोवर आता नाही.

आपल्या लेखमालेचे पुढील भाग यायचे आहेत. त्यांत डोंगरउतार, सरोवराचे जुने काठ आणि खारट तळ हे तीन पट्टे नकाशावर वेगळे दाखवावेत, आणि प्रत्येकाची चराई, ओल व क्षार यांची माहिती स्वतंत्रपणे द्यावी, अशी माझी विनंती आहे. काठांच्या जमिनीचा कस पिकाच्या उताऱ्यावरून ठरवू नये. वसंताच्या अखेरीस किती खोलीवर ओल शिल्लक आहे आणि बहुवर्षायू गवताचे किती ठोंब जिवंत आहेत, ही दोन मापे तिला लावावीत.

आपला विश्वासू,
मृदाशास्त्राचा एक अभ्यासक