टपाली मत बाद होतं ते १३-अ वर

मा. मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

निवडणूक कामावरच्या कर्मचाऱ्यांची काही टपाली मतं दर वेळी मोजणीच्या टेबलावर बाद होतात, आणि त्यातल्या अनेकांचं मतपत्रिका असलेलं आतलं पाकीट उघडलंही जात नाही. हा किरकोळ प्रकार नव्हे. २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला. अवैध ठरलेल्या टपाली मतपत्रिका १११ होत्या. गुजरातेत २०१७ साली धोळका विधानसभेच्या जागेचा निकाल ३२७ मतांनी लागला, बाद टपाली मतं ४२९, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला.

प्रशिक्षणात सगळा वेळ मतदान यंत्रावर जातो. टपाली मतदानाला शेवटची पाच मिनिटं, तीही चहाच्या गडबडीत. त्यामुळे बहुतेकांचा समज असा, की खूण नीट केली म्हणजे झालं. खरं तर खुणेबाबत नियम बराच उदार आहे. खूण पुसट असली किंवा एकाच उमेदवारापुढे दोनदा झाली, तरी मत कोणाला हे स्पष्ट असेल तर तेवढ्यावरून ते बाद करता येत नाही. दोघांपुढे खूण, कोरी मतपत्रिका किंवा ओळख पटेल अशी सही-अक्षरं असतील, तर मात्र इलाज नाही. आपल्या मतपत्रिकेवर सही ठोकणारे हुशार लोक प्रत्येक निवडणुकीत निघतातच.

घात होतो तो १३-अ वर, म्हणजे टपाली मतपत्रिकेसोबत मतदाराने सही करून द्यायच्या प्रतिज्ञापनावर. मोजणीत मोठं पाकीट (१३-क) उघडलं की आधी १३-अ तपासतात. ते सापडलं नाही, त्यावर मतदाराची सही नाही, ती सही आपल्यासमोर झाली असं अधिकाऱ्याचं साक्षांकन नाही, किंवा त्यात लिहिलेला मतपत्रिकेचा अनुक्रमांक छोट्या पाकिटावरच्या (१३-ब) क्रमांकाशी जुळला नाही, तर छोटं पाकीट न उघडताच शेरा मारून मत बाद.

म्हणून क्रम असा हवा. हातात संच (मतपत्रिका, १३-अ आणि दोन्ही पाकिटं) आला की मतपत्रिकेवरचा अनुक्रमांक आणि १३-ब वरचा क्रमांक एकच आहे का ते पाहायचं. नसेल तर तिथल्या तिथे बदलून मागायचा. मग तोच क्रमांक १३-अ मध्ये लिहायचा, साक्षांकन करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर सही करायची आणि त्याची सही, नाव, पदनाम तिथेच घ्यायचं. त्यानंतर आडोशाला जाऊन खूण करायची, घडी घालायची. मतपत्रिका १३-ब मध्ये एकटीच जाते आणि ते पाकीट चिकटवायचं. १३-ब आणि सुटं १३-अ अशी दोन्ही १३-क मध्ये. सर्वांत जास्त चुकतं ते इथेच: प्रतिज्ञापन छोट्या पाकिटात मतपत्रिकेबरोबर जातं. मोठं पाकीट उघडणाऱ्याला ते दिसत नाही, आणि छोटं पाकीट उघडायची त्याला मुभा नाही.

प्रत्यक्ष यंत्रावर मत देण्याची सोय आहे, पण ती प्रत्येकाला लागू नाही. ज्याची नेमणूक स्वतःच्याच मतदारसंघात आहे त्याने नमुना १२-अ भरून निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र घ्यावं आणि जिथे काम तिथेच मत द्यावं. लोकसभेला मतदारसंघ मोठा असल्याने हे पुष्कळांना जमतं. विधानसभेला नेमणूक बहुधा दुसऱ्या मतदारसंघात पडते, मग नमुना १२, म्हणजे टपाली मतपत्रिकेचा अर्ज, भरण्याशिवाय गत्यंतर नाही. १२ साठी मतदानाआधी ७ दिवस आणि १२-अ साठी ४ दिवस ही मुदत आहे. दोन्हींत मतदार ओळखपत्राचा क्रमांक पुरत नाही, यादीचा भाग क्रमांक आणि त्यातला अनुक्रमांक लागतो. तो ऐन वेळी मोबाईलवर शोधताना नेटवर्क दगा देतं आणि अर्ज अर्धवट जातो. एकदा यादीत नावापुढे ‘पीबी’ (पोस्टल बॅलट, टपाली मतपत्रिका) अशी नोंद पडली, की यंत्रावर मत देता येत नाही, हेही आधीच सांगायला हवं. नमुना १२-ड भरून घरून मत देणाऱ्या ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना हाच नियम आहे, पण तिथे पथक दारी येतं आणि कागद पथकच तपासतं, त्यामुळे चुका सावरल्या जातात.

नेमकी हीच तपासणी कर्मचाऱ्यांना मिळत नाही. २०२३ च्या नियम दुरुस्तीनंतर त्यांनी टपाली मतदानासाठी उघडलेल्या सुविधा केंद्रातच मत द्यायचं आहे, टपालपेटीचा संबंध उरलेला नाही. मग मतदार समोर असतानाच चूक पकडायला काय हरकत आहे? केंद्रातल्या मतपेटीजवळ एक कर्मचारी बसवा. १३-क चिकटवण्याआधी त्याने तीनच गोष्टी पाहाव्यात: १३-अ बाहेर सुटं आहे, दोन्ही सह्या आहेत, क्रमांक जुळतो. मत गुप्तच राहतं, कारण ते बंद १३-ब मध्ये असतं.

शिवाय १३-अ मधला अनुक्रमांक संच देणाऱ्यानेच १३-ब वर लिहितानाच लिहावा. नेमणूक आदेशावर भाग क्रमांक आणि अनुक्रमांक छापून द्यावा. कर्मचाऱ्यांची माहिती भरून घेताना तो विचारता येतो. आणि बाद टपाली मतांची कारणवार संख्या मतदारसंघनिहाय जाहीर करावी, म्हणजे पुढच्या प्रशिक्षणात नेमकं कशावर बोलायचं ते आम्हाला कळेल.

कळावे.

आपले,
निवडणूक प्रशिक्षण देणारे काही मास्टर ट्रेनर